दैवशालाचं बाळंतपण

ताडकळस, ४ जानेवारी १९५५

चिरंजीव आसारामास माणिकरावाचे आशीर्वाद. वि. वि. ज्वारी हुरड्यात आलीय. तुजी बहीण दैवशाला पैल्या बाळंतपणाला वालूरच्या सासरहून आलीय. पाळणा मामानं आणायचा असतो. हैद्राबादचा पगार खाऊन चिकटपणा करू नको.

पर एक फिकीर हाय. नववा सरला तरी कळा न्हाईत. तोंड भाकरीवाणी टम्म फुगलंय, हातपाय मातर काड्या. पोटावर जांभळे पट्टे, गालावर लव. उठायचं तर हात धरावा लागतो. कडूबाई सुईण म्हणते पोटात काही हलंना. मी तिला झापलं. वालूरकरांनी गावजेवण घालून डोहाळे पुरवले, ते काय खोटं? तिकडं डॉक्टराला इचार. आईवर तुजी माया हायेच, या बापावरबी धर.

तुजा दादा


हैद्राबाद, ११ जानेवारी

तीर्थरूप दादांस आसारामचा सा. न. वि. वि. मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना तुमचं पत्र वाचून दाखवलं. जांभळ्या पट्ट्यांपाशी त्यांनी मला थांबवलं आणि पुन्हा वाचायला लावलं. ते म्हणतात, मूल बहुधा नाहीच. मूत्रपिंडाच्या माथ्यावर एक ग्रंथी असते. तिच्यात गाठ झाली की ती एक रस रक्तात बेसुमार सोडत राहते. त्यानंच तोंड-पोट सुटतं, हातपाय वाळतात, पाळी थांबते. फार क्वचित होणारा रोग आहे. तपासल्याशिवाय खात्री नाही, पण गाठ असली आणि वेळेत काढली तर दैवशाला वाचू शकते. उशीर झाला तर नाही.

दवाखान्यात खाट बोलून ठेवलीय. पूर्णेहून गाडीत बसवा. दादा, पाया पडतो, आता विचार करत बसू नका. लोभ पातळ होऊ देऊ नये.

आसाराम


ताडकळस, १९ जानेवारी

चिरंजीव आसारामास आशीर्वाद. तुजं पत्र आलं त्याच दिवशी व्याही आश्रुबा आन विहीणबाई दारात. पोटात मूल न्हाई, रोग हाय म्हणलं असतं, तर जावई व्यंकटीला दुसरी बघायला त्यांना निमित्तच मिळालं असतं. शरम वाटली. तोंडातून निघून गेलं की मेलेलं मूल झालं, पुरून आलो. पोटावर गोधडी टाकली, सूज हाय म्हणून सांगितलं.

आता सव्वा महिना बाळंतीण वेस ओलांडत न्हाई. बैलाच्या दमणीत घालून ठेसनाला न्यायची म्हणलं तर अख्खं गाव बघंल. बाजंखाली शेगडी, डोक्याला फडकं, समदं करावं लागायलंय. बायका भेटायला येतात. दैवशाला मला म्हणते, मूल झालंच न्हाई तर रडू कुठून आणू?

सव्वा महिना होऊ दे, मी स्वतः आणतो. बापावर लोभ असू दे.

तुजा दादा


हैद्राबाद, २४ जानेवारी

दादा, नमस्कार करवत नाही, तरी करतो. इज्जत कुणाची वाचवताय? वालूरला खरं मी सांगतो. त्यांनी नांदवली नाही तर माझ्याकडं राहील, माझ्या ताटातलं खाईल. जिवंत तर राहू द्या. वेशीतून नेता येत नसेल तर शेताच्या वाटेनं न्या. शेगडी आधी काढा. या रोगात कातडी पातळ होते, भाजलं तर भरून येत नाही, असं डॉक्टरांनी बजावलंय. रजा एक तारखेला मिळतेय. तोवर थांबू नका. रागावलो तरी तुमचाच आहे.

आसाराम


ताडकळस, २८ जानेवारी

आसाराम, तार मिळाली असंल. तू येशीलच, पर तोंडानं सांगायला जमणार न्हाई म्हणून लिहितो. तुजं पत्र यायच्या आधीच शेगडीच्या धगीनं तिच्या पायाला फोड आला व्हता. तो चिघळला, ताप भरला. काल सकाळी दैवशाला गेली. मी मारली तिला.

वालूरकर आले. ओली बाळंतीण मेली की हडळ होते म्हणून तिच्या तळपायांत खिळे ठोकायला घेतले. मी आडवा पडलो. वरडलो की माजी लेक बाळंतीण न्हाई, मूल झालंच न्हाई, मी खोटं बोललो. कुणी मानलं न्हाई. विहीणबाई म्हणल्या, लेकीच्या दुःखानं म्हाताऱ्याचं डोस्कं फिरलं. चौघांनी मला धरून ठेवलं आन खिळे ठोकले. मग मसणवाट्यापर्यंत राळे टाकत नेलं. हडळ ते दाणे टिपत बसती, घरी परतत न्हाई म्हणं.

माया ठेव म्हणायला मला तोंड न्हाई. पर ये. तुजी आई, दैवशाला परत येईल म्हणून, कालपासून दाराला कडी लावू देईना.

तुजा दादा