बाहेरचं बघून घ्या

सोलापूर,
गुरुवार, ता. ५ फेब्रुवारी १९३१

ती. मायाक्का हिला धाकटी बहीण केरा हिचा नमस्कार. दाजींनाही सांग. मी इकडे बरी आहे. तुम्ही दोघं, लेकरंबाळं, शेरडं-मेंढरं सगळी खुशाल असाल अशी आशा करते.

पत्र बघून तू म्हणशील, ही बया आज कुठून उगवली! सहा वर्षांत एक ओळ नाही आणि आता एकदम पाकीट. कार्डावर मावणारं नाही, म्हणून पाकीट घेतलं. पत्र तुला गुरुसिद्धप्पा मास्तरच वाचून दाखवत असणार. मास्तर, हात जोडून सांगते, जसं आहे तसं वाचा. अक्काला वाईट वाटेल म्हणून काही गाळू नका. ओट्यावर शेजारणी ऐकायला बसल्या असतील तर खुशाल बसू देत.

इकडची खबर म्हणजे थंडी सरली आणि डासांचा सुळसुळाट झाला. मी अजून मिशनच्या आवारात त्याच खोलीत राहते. रोज दुपारी भवानी पेठेत जाते, बायांना वाचायला शिकवते, प्रभूच्या गोष्टी सांगते, कुणी आजारी असेल तर उशाशी बसते. पेठेत मला बायबलबाई म्हणतात. मला चष्मा लागलाय. तू बघशील तर पोट धरून हसशील.

दुसरी खबर अशी की येत्या रविवारी मला आमच्या ख्रिस्ती देवळात मंडळीपुढं साक्ष द्यायची आहे. कोर्टातली नव्हे गं. देवानं आपल्यासाठी काय केलं ते चारचौघांत उभं राहून सांगायचं, त्याला आम्ही साक्ष म्हणतो. माझ्या साक्षीचं इकडं मोठं नाव आहे. बार्शीपर्यंत मला बोलावतात. बाया ऐकतात आणि डोळ्यांना पदर लावतात.

ती साक्ष तुझ्यावर आहे, अक्का.

मी सांगते की नवरा साथीत गेल्यावर मी इथं शिकायला आले आणि माझ्या बजीला मोडनिंबला बहिणीकडे ठेवलं. बजी सात वर्षांची असताना तापानं फणफणली, तर बहिणीनं दवाखाना सोडून तिला देवऋष्याकडे नेलं, अंगारे-धुपारे करत दिवस घालवले आणि माझं लेकरू गेलं. आणि शेवटी सांगते की तरीसुद्धा देवानं मला बहिणीला क्षमा करायचं बळ दिलं.

हे शेवटचं धडधडीत खोटं आहे. क्षमा-बिमा काही केली नव्हती मी. रोज गुडघ्यावर बसून म्हणायचे, प्रभू, अक्काला क्षमा करायचं बळ दे. आणि उठून भाकरी थापायला बसले की तुझं तोंड डोळ्यापुढं यायचं आणि पीठ असं आपटायचे की शेजारीण विचारायची, "का वो बाई, कुनाचा राग काडताय?" दर नव्या वर्षाला ठरवायचे की यंदा मनातून काढायचंच. आठवडाभर दात-ओठ खाऊन टिकायचे, की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. मग देवावरच रुसून बसायचे. दुसऱ्यांना देतोस, मलाच का देत नाहीस, म्हणून त्याच्याशी भांडायचे.

आता सोमवारचं सांगते. पेठेत रंभाबाई म्हणून एक आहे, तिचा नवरा धोंडीराम गिरणीत आहे. तिच्या दोन वर्षांच्या पोरीला ताप होता. रंभाबाई काढे पाजत बसली होती. मी रविवारी तिला म्हटलं, "घरचं पुरे झालं आता, बाहेरचं बघ." सोमवारी जाऊन बघते तर दाराला लिंबू-मिरची, पोरीच्या कपाळाला अंगारा, आणि पोर नुसती धापा टाकतेय. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "अगं, देवऋष्याकडे नेलंस? अक्कल गहाण ठेवलीस का?"

ती उलट माझ्याकडेच बघत राहिली. "आता गं बया! तुमीच म्हनला न्हवं, बाहेरचं बग म्हून? लेकरू काखंला मारून दोन कोस चालत गेले की मी. तुमच्या शब्दाखातर गेले."

अक्का, मी पोरीला उचललं आणि टांग्यात घालून दवाखान्यात नेलं. पोर आता बरी आहे, काल दूध प्यायली. पण माझ्या कानातून ते वाक्य जाईना.

आपल्या गावात बाहेरचं म्हणजे भुताखेताचं, करणीचं. बाहेरचं बघायचं म्हणजे देवऋषी गाठायचा, हे का मला माहीत नव्हतं? तिथंच वाढले मी. पण इथं चार वर्षं शिकले, मिशनच्या मडमेच्या आणि मास्तरणींच्या संगतीत माझी बोली बदलली. माझ्या तोंडात बाहेरचं म्हणजे घराबाहेरचं, डॉक्टरचं. शिकून शहाणी झाले आणि आईची भाषा विसरले.

बजीच्या तापात तुला मी कार्ड टाकलं होतं, ते शब्द न् शब्द आठवलं. "घरच्या औषधावर राहू नका. बाहेरचं बघून घ्या. देव बरं करील."

आणि दुसरंही आठवलं. बजी गेल्यावर दोन महिन्यांनी तू सोलापूरला आली होतीस. माझ्या दारात उभी होतीस. पदराच्या गाठीत काहीतरी होतं, ते सोडत म्हणालीस, "केरा, तुजं कारड..." मी पुढचं ऐकलंच नाही. म्हटलं, पुन्हा तोंड दाखवू नकोस, आणि दार लावून घेतलं. तू बराच वेळ बाहेर बसली होतीस, मला फटीतून दिसत होतं.

आज आमच्या देवळाच्या पाळकसाहेबांचा निरोप आला की रविवारी बाहेरगावचे पाहुणे येणार आहेत, नेहमीचीच साक्ष द्या. मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार? खरं सांगितलं तर पेठेतल्या बाया उद्या मला दारात उभं करतील का? हे काम गेलं तर मी कोण? कालपासून प्रार्थनेला बसतेय आणि तोंडातून शब्द फुटत नाही. एवढंच लिहून आज ठेवते. अजून एक गोष्ट आहे, ती लिहवत नाही.

रविवार, ता. ८, दुपार

अक्का, उपासना करून आत्ताच आले. चूल पेटवली नाही, आधी हे लिहायला बसले.

साक्षीला उभी राहिले आणि रंभाबाईचं सांगितलं, कार्डाचं सांगितलं. म्हटलं, माझ्या बहिणीनं मी सांगितलं तेच केलं, आणि मी सहा वर्षं तिला तुमच्यापुढं गुन्हेगार केलं. सगळे चुकचुकले. आमची सोनाबाई मोठी आहे मंडळीत, ती बसल्या जागेवरून म्हणाली, "शब्दाचा घोळ झाला, माय. तुजा काय दोष त्यात?"

किती बरं वाटलं म्हणून सांगू! मी खाली बसले. सुटले म्हटलं. लोकांनी आणखी एक पदर डोळ्याला लावला आणि माझी जुनी साक्ष जाऊन नवी, त्याहून चांगली साक्ष तयार झाली. माझं मलाच कळलं ते.

पाळकसाहेब शेवटच्या प्रार्थनेला उठले. मी मनात म्हटलं, प्रभू, हे माझ्यानं व्हायचं नाही. मी आता काही ठरवत नाही, दात-ओठ खात नाही, शपथ घेत नाही. सहा वर्षं माझ्या बळावर करून बघितलं, आणि माझं बळ हे एवढंच. तुला उठवायचं असेल तर तूच उठव.

आणि उठले. वीज चमकली नाही की काही नाही. पण तोंडातून शब्द निघाले, आणि ते माझे नव्हते एवढं मला पक्कं कळतं. माझे असते तर त्यांनी पळवाट काढली असती.

मी तिथं जे सांगितलं तेच तुला सांगते. बजी आजारी आहे, ताबडतोब ये, हा तुझा निरोप मला उशिरा मिळाला असं मी सगळ्यांना सांगत आले. बजी गेल्यावर तुलाही तेच सांगितलं. खोटं आहे ते. निरोप मंगळवारी सकाळीच हातात पडला होता. संध्याकाळच्या गाडीनं निघाले असते तर बुधवारी तुझ्या दारात असते. मडम म्हणाली होती, जा. पण शुक्रवारी परीक्षा होती. मी कार्ड टाकलं आणि अभ्यासाला बसले. माझा पहिला नंबर आला. त्याचं बक्षीस म्हणून मिळालेलं शास्त्र, म्हणजे बायबल, मी रोज वाचते.

तुझ्यावर राग धरला तो मला हवा होता म्हणून, अक्का. तो सोडला असता तर स्वतःकडे बघावं लागलं असतं. म्हणून ते बळ येत नव्हतं. मी क्षमा करायचं बळ मागत होते आणि मला क्षमा मागायची होती. देव तरी काय करील?

देवळात कुणी चुकचुकलं नाही मग. पाळकसाहेबांनी प्रार्थना केली आणि घरी पाठवलं. मडम म्हणाली, महिनाभर पेठेत जाऊ नको, बघू पुढचं. येताना रंभाबाई वाटेत भेटली. तिच्या कानावर आलं होतं. माझ्याबरोबर कोपऱ्यापर्यंत चालली. माझी भीती गेलेली नाही. पण सहा वर्षांत पहिल्यांदा गुडघ्यावर बसले आणि भांडण झालं नाही.

बजी माझ्या चुकीनं गेली. तुझ्या नाही. गावात ज्यांनी ज्यांनी तुला बोल लावला असेल, त्यांना हे पत्र वाचून दाखव.

मंगळवारी निघते. कुर्डुवाडीला छोट्या गाडीत बसून दुपारी मोडनिंबला उतरेन. स्टेशनावर कुणाला पाठवू नकोस, घर मला माहीत आहे. तू क्षमा करशीलच असं धरून मी येत नाही. घरात घेतलं नाहीस तर बाहेर बसेन आणि रात्रीच्या गाडीनं परत जाईन, तुला बोल लावणार नाही.

एकच मागणं आहे. ते शेवटचे चार दिवस बजी काय काय बोलली, हे मी तुला कधी विचारलंच नाही. ते सांग. माझं नाव काढून रडली असेल तर तेही सांग, आणि नसेल काढलं तर तेही सांग. मी सगळं ऐकेन.

तुझी क्षमा मागणारी,
केरा