पाण्यातच लावायचा दिवा

मी, खाली सही करणारी, वय अडुसष्ट, धंदा पंखे, मिक्सर व इस्त्र्या दुरुस्त करणे, माझे डोके ठिकाणावर असताना आणि कोणी कान भरलेले नसताना हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवते. डॉक्टरांनी माझ्या हृदयाचे ठोके मोजून जो चेहरा केला, तो पाहून हे काम लांबणीवर टाकू नये असे वाटले. यापूर्वी मी असा कागद केलेला नाही.

१. राहते घर, म्हणजे मागच्या दोन खोल्या आणि पुढचे दुकान, ही माझी स्वकष्टार्जित मिळकत आहे. ती माझ्या एकुलत्या एक मुलीला, जिला आम्ही घरात टिटवी म्हणत आलो, मिळावी. दुसऱ्या कोणाचाही त्यावर हक्क नाही. मोरीचा नळ डावीकडे फिरवला की बंद होतो. तो मीच बसवला आहे, त्यामुळे नावे ठेवू नयेत.

२. बँकेत जे काही असेल तेही तिचेच.

३. वाइंडिंगचे यंत्र, मल्टिमीटर, पकडी आणि सुट्या भागांचे अकरा डबे शेजारच्या शिंपीणबाईंना द्यावेत. त्यांच्या शिलाई यंत्राची मोटर गेली वीस वर्षे मीच जिवंत ठेवली आहे. आता त्यांनी स्वतः शिकावे. त्यांना येत नाही असे नाही, धीर होत नाही.

४. माझ्या मोठ्या दिरांनी नेलेली ॲल्युमिनियमची शिडी त्यांच्याकडेच राहू द्यावी. तशीही ती परत येण्याची चिन्हे नाहीत. त्यांच्या एका वाक्याचा हिशेब मात्र खाली येईल.

५. आता दिव्याविषयी. वकीलबाई म्हणाल्या, वस्तूचे वर्णन थोडक्यात करा. मला ते जमणार नाही.

माझे यजमान पाणबुडे होते. बंदरात जहाजांचे तळ खरवडणे आणि धक्क्याचे खांब तपासणे हे त्यांचे काम. संध्याकाळी घरी आले की मी विचारायची, आज खाली काय होतं? ते म्हणायचे, काय असणार, राखाडी. मला पोहता येत नाही. ज्या जागी आपला माणूस दिवसाचे पाच तास काढतो ती जागा आपण कधीच पाहायची नाही, हे मला फार लागे. शेवटी त्यांनी एक जुना कॅमेरा आणि त्याची पाण्यात चालणारी पेटी मिळवली. पण चित्रण पाहिले तर नुसता हिरवा काळोख. पाण्याखालचे विकतचे दिवे आमच्या आवाक्यातले नव्हते. मी म्हणाले, मी करते.

नळाच्या जाड प्लास्टिक पाइपचा वीतभर तुकडा घेतला. एका तोंडाला घट्ट बूच, दुसऱ्याला दुकानाच्या मोडक्या पाटीतून कापलेली पारदर्शक चकती, दोन्हीकडे पाणी अडवायला रबरी रिंग. आत टाकाऊ लॅपटॉपच्या बॅटरीतले चांगले निघालेले चार सेल, एलईडीची पट्टी आणि ती तापू नये म्हणून ॲल्युमिनियमचा ठोकळा. बटणासाठी भोक पाडले असते तर तिथून पाणी शिरले असते. म्हणून बाहेर लोहचुंबक ठेवला आणि आत त्याच्या ओढीने चालू होणारा स्विच. सेल घालण्याआधी आत कोरा कागद ठेवून यजमान ते नळकांडे खाली नेत. पहिल्यांदा कागद भिजून आला. दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा मी भिंग घेऊन बसले, तेव्हा रबरी रिंगेखाली माझाच एक केस सापडला. ते इतके हसले की त्यांना उचकी लागली. चौथ्यांदा कागद कोरडा.

दिवा घेऊन ते पहिल्यांदा वर आले तेव्हा मी धक्क्याच्या पायरीवर उभी होते. त्यांनी तोंडावरचा मुखवटा काढला. मग म्हणाले, "अगं, ते लाल आहे. अठरा वर्षं मी त्याला राखाडी समजत होतो."

खांबांवर जे वाढते त्याबद्दल ते बोलत होते. सतरा मिनिटांचे ते चित्रण दिव्याच्याच डब्यात आहे. शेवटी ते आपला तळहात उजेडात धरतात, मला दाखवल्यासारखा. तिथपर्यंत मी फार वेळा पोचलेले नाही.

पुढच्या वर्षी ते खाली असताना हवेच्या नळीची झडप निकामी झाली आणि ते वर आले नाहीत. चौकशीत तसेच लिहिले आहे. पण सांत्वनाला आलेल्या माणसांसमोर माझे दीर म्हणाले, "हिचा दिवा नसता तर तो काम उरकून वेळेवर वर आला असता." तोच हा हिशेब. चौकशीचा कागद मी एकदा वाचला, दिरांचे वाक्य मी रोज ऐकले. त्यांना माफ करण्याचे काम हाती घेतले आहे, पूर्ण झाल्यास वेगळे कळवीन.

यजमानांना शोधायला त्यांचाच जोडीदार पाणबुडा उतरला होता. तो तेव्हाच मला सांगून गेला, "वहिनी, गाळ एवढा होता की स्वतःचा हात दिसत नव्हता. उजेड दिसला, तिकडे गेलो." मी ऐकले, पण ते आत शिरायला मला चौदा वर्षे लागली.

मधल्या काळात टिटवी बावीस वर्षांची झाली आणि तिने पाणबुड्याच्या कामाचे प्रशिक्षण घ्यायचे ठरवले. माझ्यासमोर उभी राहून म्हणाली, "आई, दिवा दे." मी म्हणाले, "पाण्यात उतरलीस तर या उंबऱ्याच्या आत पाय ठेवू नकोस." ती माझीच मुलगी, शब्द पाळते. या गोष्टीला नऊ वर्षे झाली.

तो दिवा तिला द्यावा. रिंगा आणि सेल मी याच महिन्यात बदलले आहेत. टबात आठ तास ठेवून पाहिला, कागद कोरडा आहे. टिटवे, हे तुला: हा पाण्यातच लाव, बाहेर दोन मिनिटांत तापून आतले जळेल. कॅमेऱ्याला चिकटवून धरू नकोस, गाळाचे कण चमकतात आणि काही दिसत नाही. हातभर बाजूला धर. रिंग बसवताना केस बांधून घे. कपाटात जपण्यासाठी मी हा देत नाही.

६. जोडीदार पाणबुडा गेल्या आठवड्यात भेटायला आला. तो आता लांबच्या बंदरात असतो, सुटीवर इकडे आला आहे. टिटवी त्याच्याच तुकडीत आहे. मी विचारले नव्हते, त्यानेच सांगितले की खाली ती सगळ्यांत शांत असते. तो चहा पीत होता तेवढ्या वेळात मी तिच्याविषयी एकही प्रश्न विचारला नाही. तो गेल्यावर त्याचा रिकामा कप घेऊन बराच वेळ बसले.

म्हणून उंबऱ्याची अट मी या लेखाने मागे घेते. माझ्या हयातीत ती या घरी आली, तर दिव्याचे कलम रद्द समजावे, कारण मग तो मी माझ्या हाताने देईन. या मृत्युपत्रातले एवढे एक कलम वाया जावे अशी माझी इच्छा आहे. वकीलबाई म्हणतात, तुमच्या मागे उघडायच्या कागदात हे लिहून ती वाचणार कधी? बरोबर आहे. या कलमाची नक्कल पाकिटात घालून ठेवली आहे. साक्षीदारांपैकी कोणीतरी ती आज टपालात टाकावी, मला तेवढे चालवत नाही.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, वाचला आणि दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली.

स्थळ : दुकान, कामाचे टेबल
दिनांक : ९ मार्च २०२६, सोमवार

लिहून ठेवणार : सही

साक्षीदार पहिली : शेजारची शिंपीण, सही

साक्षीदार दुसरा : जोडीदार पाणबुडा, सही
(पाकीट टपालात टाकलेले नाही. दुपारच्या गाडीने मी स्वतः घेऊन जात आहे.)