दुबई बाजारातला पांढरा हीटर

६ जानेवारी, रविवार
रेडिओवर पुन्हा तेच. डोंगरातल्या गावात नवरा, बायको, दोन मुलं झोपेत गेली. खोली बंद, आत गॅसचा हीटर. बाहेरून आलेला स्वस्त माल, असं बातम्यांतली बाई म्हणाली. कुठला, ते नाही सांगितलं.
माझा नव्हे. माझ्या हीटरवर युरोपच्या मान्यतेचं स्टिकर आहे. कंटेनरमध्ये स्टिकरांचा रोल वेगळा आला होता. मी स्वतः एकेक चिकटवलं. एकही वाकडं नाही.
दिवसभरात एकच गिऱ्हाईक. बोट लावून गेलं.

७ जानेवारी, सोमवार
ग्राहक संघटनेची माणसं आमच्या दुबई बाजारात पत्रकं वाटून गेली. बाजाराचं नाव तेवढं दुबई, शहर एल एल्मा. आयात हीटर घेताना काळजी घ्या वगैरे. चांगलं काम करतात. इतर दुकानदारांना गरज आहे.
समोरचा तय्यब दारात उभा राहून ओरडला, "दर्राजीसाहेब, सगळ्या एल एल्माला पांढरा विकतोस, आणि तुझ्या घरी अजून तो सरकारी कारखान्याचा तपकिरी बैलच ना?" आख्खी गल्ली हसली. याने माझ्याच कंटेनरमधले पन्नास नग उचललेत, पण जीभ मोकळी.
मी सगळ्यांसमोर शपथ घेतली. दोन दिवसांत माझ्या घरी पांढरा नसेल तर मिशी उतरवीन.
धंद्यात धाडस लागतं.

८ जानेवारी, मंगळवार
पांढरा बसवला. स्वतः. फिटर लागतो हा फिटरांनी पसरवलेला समज आहे. जुना तपकिरी हीटर गच्चीवर ताडपत्रीखाली ठेवला.
माझी बायको वर्दा दारात उभी राहून बघत होती. उद्या मुलगी, नुवारा, बाळाला घेऊन येणार, चाळीस दिवस माहेरी. वर्दा म्हणाली, "बाळंतिणीच्या खोलीत हे पत्र्याचं डबडं? एवढा विश्वास आहे तर दुसऱ्या खोलीत लाव आणि तू झोप तिथे." दुसऱ्या खोलीत गॅसची नळीच नाही, हे मी शांतपणे दाखवून दिलं. ती म्हणाली, "नळी नाही आणि डोकंही नाही."
तीस वर्षं मी हिच्याशी मुद्द्याने बोलतो आहे.

९ जानेवारी, बुधवार
नुवारा आली. तिचा लुकमान आठ दिवसांचा आहे. नाक आमच्या घराण्याचं.
बाळंतिणीला वारा लागता कामा नये. खिडकीच्या फटींत मी जुन्या ब्लँकेटच्या पट्ट्या कोंबल्या. भिंतीत वर एक जाळीचं भोक आहे, गॅसवाल्यांनी पाडलेलं. तिथून तर बर्फच आत येतो. तेही उशी घालून बंद केलं. खोली हमामसारखी तापली. बाहेर उणे चार.
संध्याकाळी तय्यबला मुद्दाम बोलावलं. उंबऱ्यावर उभा राहिला, गरम हवा तोंडावर आली, माशाअल्लाह म्हणाला. उद्या गल्लीभर सांगेल.

१० जानेवारी, गुरुवार
सांगितलं. सात नग खपले. एका म्हाताऱ्याने विचारलं, खरंच तुझा नातू त्याच्याजवळ झोपतो का? मी म्हटलं, त्याच्या पायाशी.

१२ जानेवारी, शनिवार
घरात सगळ्यांची डोकी दुखत आहेत. नुवाराला दोनदा उलटी झाली. कारण उघड आहे. वर्दा तमीनात लोणी ओतते. रवा, मध, लोणी, दिवसातून तीन वेळा. घोड्यालाही पचणार नाही. सांगितलं. वर्दा म्हणाली, "तुझ्या आईने मला हेच खाऊ घातलं, तेव्हा डोकं नाही दुखलं."
माझंही दुखतं. दुकानात पोचलो की थांबतं. घरी आलो की सुरू. बायकांच्या सततच्या बोलण्याचा परिणाम असावा.
संकल्प : घरी कमी बोलायचं.

१४ जानेवारी, सोमवार
वर्दा खिडकी उघडते. मी बंद करतो. ती उघडते. शेवटी तिला म्हटलं, बाळाला न्यूमोनिया झाला तर फातेहच्या आईला काय तोंड दाखवशील? विहीणबाईंचं नाव काढलं की वर्दा गप्प होते. झाली.
नुवारा म्हणाली, "बाबा, हा दूध ओढत नाही. नुसता झोपतो." मी म्हटलं, देवाचे आभार मान. तू वर्षभर रडत होतीस.
ती हसली नाही. तिचे गाल मात्र छान लाल झाले आहेत. माहेर मानवलं.

१५ जानेवारी, मंगळवार
घरात शांतता हवी म्हणून तय्यबकडून विषारी वायूचा अलार्म आणला. भिंतीवर लावला. दहा मिनिटांत कोकलायला लागला. दुकानात नेला, तर एकदम गप्प. घरी आणला, पुन्हा सुरू.
म्हणजे बिघडलेला आहे. खोक्यावर कुठल्या देशाचा, तेही लिहिलेलं नाही. असला माल लोक कसा आणतात? त्या ग्राहक संघटनेला कळवायला हवं.
सेल काढून टीव्हीच्या रिमोटमध्ये घातले. रिमोट सुरेख चालतो.

१८ जानेवारी, शुक्रवार. दवाखाना, दुपारी साडेतीन
दोघं जिवंत आहेत.
जुम्म्याची नमाज आटोपून घरी आलो तेव्हा दारात अग्निशमनची लाल गाडी होती. वर्दा कुसकुसचं ताट शेजारी द्यायला गेली होती. पंधरा मिनिटं, जास्त नाही. परतली तर नुवारा जमिनीवर. बाळ तिच्या हाताखाली. वर्दाने पितळी पातेल्याने खिडकी फोडली. तिच्या हाताला सहा टाके.
बाळाचं तोंड ऑक्सिजनच्या मास्कपेक्षा लहान आहे. नर्स मास्क हाताने धरून बसली आहे.
अग्निशमनच्या माणसाने हीटर उघडला. म्हणाला, आतली जोडणी वितळली आहे, धूर पाइपात जायच्या आधीच खोलीत येतो. विचारलं, कुठून घेतला? मी म्हटलं, दुबई बाजारातून. कुठल्या दुकानातून? मी आठवत होतो. वर्दा म्हणाली, "याच्याच. लिहा, याच्याच."
त्याने अलार्म खाली काढला. "यात सेल कुठेत?"
मी सांगितलं. त्याने ते लिहिलं. एकदा माझ्याकडे बघितलं आणि पुढे लिहीत राहिला.

२० जानेवारी, रविवार
नुवाराला सोडलं. बाळ अजून आत आहे. डॉक्टर म्हणतात, दूध ओढतो आहे, पण पुढचं आत्ताच सांगता येणार नाही. पुढचं म्हणजे काय, मी विचारलं नाही.
चाळिसांतले उरलेले दिवस नुवारा सासरी राहणार. मी गाडीचं दार धरून उभा होतो. फातेह म्हणाला, "काका, आत्ता घरी येऊ नका." एरवी माझ्या हाताचं चुंबन घेतो. नुवाराने काच वर केली. थंडी होती, त्यामुळे असेल.
वर्दा तिच्याबरोबर गेली.

२१ जानेवारी, सोमवार
रात्री ठरवलं ते सकाळी केलं. उरलेले पांढरे मागच्या खोलीत कोंडले. दुकानासमोर मोठ्या अक्षरात पाटी लावली : माझ्याकडून पांढरा हीटर घेतला असेल तर आजच बंद करा. विकलेले दोनशेच्या वर आहेत. ओळखीचे अकरा. त्यांतल्या चौघांना फोन लागला. दोघे म्हणाले, नवं मॉडेल आलं वाटतं, विकायची ही नवी युक्ती का? एक म्हणाली, "बाबा रे, बंद करून तुझ्या पाटीजवळ शेकू का?"
दुपारी बर्फात एक माणूस आला. खांद्यापर्यंत भिजलेला. म्हणाला, सून बाळंत झाली आहे, नातवाला ज्याच्या पायाशी झोपवतोस तो हीटर विकणारा तूच ना?
मी म्हटलं, नाही विकायचा. पाटी दाखवली. म्हणाला, वाचता येत नाही. वाचून दाखवली. सगळं सांगितलं. नुवाराचंही. तो ऐकत राहिला. म्हणाला, अल्लाह तिला बरी करो. आणि समोर तय्यबकडे गेला.
मी धावलो. तय्यबला म्हटलं, देऊ नकोस. तय्यब म्हणाला, "तुझ्या उंबऱ्यावर मी हात शेकलेत, दर्राजी. आता तुझे संपले आणि माझे उरले, तेव्हा विषारी झाले होय?" माणूस आमच्या दोघांकडे बघून हसला. दुकानदारांची भांडणं त्याला माहीत होती. खोकं त्याने आपल्या गाडीच्या टपावर दोरीने बांधलं.
गाडीमागे भाजीवाल्याच्या कोपऱ्यापर्यंत पळालो. नंबरावर चिखल होता. शेवटचे दोन आकडे दिसले, अठरा. म्हणजे जिजेल जिल्हा.
उद्या जिजेलला जायचं ठरवलं आहे. डोंगरात रस्ता बंद आहे म्हणतात.
मग परवा.