कागदावर नुसता पाय

पलूस, १२ नोव्हें. ४६
हे आजही जेवले नाहीत. भाकरी दुधात कुस्करून दिली, तरी डावा गाल धरून बसले. "भूक न्हाई." खोटं. फौजेतून आल्यापासून दाढा ठणकतात, आता गालही सुजलाय.

१५ नोव्हें.
माझ्या शाळेत रजा टाकून दोघं साताऱ्याला. लढाईतल्या जखमींना सरकारी दवाखान्यात फुकट उपचार. फौजेची मोटार उलटली त्यात यांचा पाय अधू झाला, दाढाही तेव्हाच मोडल्या. पण फौजेच्या कागदावर नुसतं 'उजवा पाय'. कारकून म्हणाला, "दात यात येत नाहीत, बाई." म्हटलं, "दात काय दुसऱ्याचे आहेत?" अपघात पाहिलेल्या माणसाचं लिहून आणलं तर साहेब बघतील म्हणे.

१६ नोव्हें.
मोटारीत सोबत होते ते कडेगावचे ज्ञानूभावजी. जाऊ या म्हटलं, तर "नको." का, ते सांगेनात. उलट माझ्यावरच खेकसले.

१९ नोव्हें.
यांच्या अंगात ताप. यांना न सांगता मी कडेगावला गेले. भावजींनी पाणी दिलं, सगळं ऐकलं. मग, "वयनी, लिवतो की. पर साहेबानं खोदून इचारलं तर? मला झोप येत हुती म्हणून चाक त्यानं धरलं हुतं. हुकूम न्हवता. त्याची पेन्शन जाऊ नये म्हणून मीच चालवत हुतो असं सांगितलं."
"मग तुम्हाला?"
"मला बिनपेन्शनचं घरी धाडलं."
एवढंच. गुळाचा खडा हातावर ठेवला. परत येताना रस्ताभर तो तसाच मुठीत...

२० नोव्हें.
यांना सांगून टाकलं. ओरडतील वाटलं. भिंतीकडे तोंड केलं. "आल्यापासनं एकदाबी त्येच्याकडं गेलो न्हाई मी." सूज मानेपर्यंत उतरलीय. पेजसुद्धा गिळवत नाही.

२१ नोव्हें.
दुपारी भावजी स्वतःच आले. कागद लिहून आणलेला. त्यात मोटार तेच चालवत होते, आणि यांच्या दाढा मोडल्या. यांनी वाचून परत दिला.
"फाड त्यो."
"आरं गड्या, दात बघ आधी. येडा का काय?"
"फाड म्हंतो न्हवं. तू लिवू नगंस. ही लिवंल, मी सांगतो."
"पेन्शन जाईल रं."
यांनी दौत माझ्याकडे सरकवली.
मी दौत घेतली. वर तारीख, यांचं नाव घातलं. 'मोटार' एवढा शब्द लिहून थांबलेय. दोघं एकमेकांकडे बघताहेत. साताऱ्याची गाडी उद्या सकाळी.