माझी वीज गावाला

३ एप्रिल, सकाळी
स्लॅबवर सोलर पॅनेल बसले. आजपासून मी विजेचा ग्राहक नाही, उत्पादक! घरात वापरून उरलेली वीज तारेवरून बाहेर जाणार, तेवढी बिलातून वजा. भिगवणचा तौसिफ, ज्यानं पॅनेल बसवले, म्हणाला, काका, नवीन मीटर लागंपर्यंत सोलरचा स्विच वर करू नगा, इंदापूरहून वीज बोर्डाचा माणूस यायला पंधरा दिवस लागत्यात. पंधरा दिवस ऊन वाया? साखर कारखान्यात तीस वर्षं टाइमकीपर होतो मी.

दुपारी १२
स्विच वर केला.

४ एप्रिल
मीटरचा आकडा पळतोय! नऊ वेळा बघून आलो. घरात काहीच चालू नाही, म्हणजे पळतंय ते सगळं बाहेर जाणारं. सरळ आहे.

६ एप्रिल
दिवसा घरात सगळं बंद. पंखा, फ्रिज, सिंधूचं शेवयांचं मशीनही. रोज दहाबारा बाया रवा घेऊन येतात तिच्याकडे. म्हणाली, अवो, शेवयांचं दिवस दोनच म्हयनं असत्यात. म्हटलं, रात्री चालव. म्हणाली, मग वाळवू कुठं, चांदण्यात? बायकोला दूरदृष्टी नाही.

९ एप्रिल
दूध नासलं. घामोळं आलं. बाया मागच्या गल्लीत गोजरबाईकडे जायला लागल्या. पण गोजरबाईचं मशीन माझ्याच विजेवर फिरत असणार, म्हणजे काम घरातच राहिलं. सिंधूला हे समजावलं. ती उठून गेली.

१२ एप्रिल
निश्चय : मीटर दिवसातून तीनदाच बघायचं.

१३ एप्रिल
चौदा वेळा.

१८ एप्रिल
तौसिफ नवीन मीटर आणि लाइनमनला घेऊन आला. जुन्या मीटरचा आकडा मी ऐटीत दाखवला. तौसिफ म्हणाला, काका, स्विच वर केला व्हता व्हय? ह्या जुन्या मीटरला आत आलेली आन् भाईर गेलेली येगळी कळत न्हाय. दिलेली समदी वीज तुमीच वापरली म्हणून लागली.
सिंधूनं विचारलं, दिवसा मशीन चालवलं असतं तर? तो म्हणाला, तर ती वीज घरातच खपली असती, एवढा आकडा पळलाच नसता, काकी.
सिंधू मशीनवरची धूळ पुसायला लागली. ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

१९ एप्रिल
सकाळपासून मशीन चालू. नवीन मीटर बघायला गेलो नाही. मला स्लॅबवर बसवलंय, शेवयांवरचे कावळे हाकायला. वाईट वाटतंय, पण हे खाली जाऊन सांगायचं धाडस नाही.
शेवया एका खाटेवर मावल्या. बाई एकच आली.