शर्यतीत वाकलेला गुडघा

लीड्स, १० जून २००७

तीर्थरूप विष्णूमामांस पुष्करचा साष्टांग नमस्कार. (कागदावरचाच बरा. खऱ्या नमस्काराने काय घोटाळा झाला ते सांगायलाच हे पत्र.) मामींची शुगर कशी आहे? माझी तब्येत ठणठणीत, अब्रू तेवढी गेली.

ऋजुताबद्दल तुम्हाला लिहिलंच होतं. ती लग्नाला तयार आहे, अडलंय ते तिच्या बाबांपाशी. चंद्रशेखरकाका म्हणजे रिटायर झालेले हाडांचे डॉक्टर, आमच्या मराठी मंडळाचे अध्यक्ष आणि विल्फ्रेड टॅपलिनचे परमभक्त. हा टॅपलिन शंभर वर्षांपूर्वी ऑस्ट्रेलियात चालण्याच्या शर्यतींचा चॅम्पियन होता. (धावण्याच्या नव्हे हं. धावलं की बाद.) हळदीकुंकू असो की कोजागिरी, काका त्याच्यावरच बोलतात. तो मेलबर्नला घरोघर दूध घालायचा, थेंबही न सांडता भराभर चालायचा, तिथल्या सगळ्यांना हरवून बोटीने इंग्लंडला आला, तर वाटेत डेकवर इतक्या फेऱ्या मारल्या की बघणाऱ्यांना बोट लागली. इथे कप द्यायला कोणी ड्यूक आला, सगळे गुडघ्यात वाकले, आमचा विल्फ्रेड ताठ! कारण पाय जमिनीला टेकला की गुडघा सरळ हवा, हा शर्यतीचा नियम. इथे काका चष्मा पुसायला थांबतात आणि आमच्या मसाला दुधावर साय धरते.

यंदा मंडळाने पार्कमध्ये टॅपलिन स्मृती शर्यत ठेवली. पंच एकटे काका. "पुष्कर जिंकला तर लग्नाचा विचार करीन," असं ते ऋजुताला म्हणाले. मग काय! सुपरमार्केटातसुद्धा मी ट्रॉलीमागे कंबर हलवत चालायला लागलो. बायका आपापली पोरं जवळ ओढायच्या.

आणि मामा, देवाशपथ सांगतो, काल मी पहिला होतो! आयटीवाले निम्मे धावल्याबद्दल बाद झाले, उरलेले बटाटेवड्यांच्या स्टॉलपाशी गळाले. शेवटच्या रेषेच्या अलीकडे काका उभे, हातात बाद करायची लाल पाटी. नेमकं तेव्हाच मला तुमचं पत्र आठवलं. "मुलीचे वडील दिसले की आधी वाकायचं, बाकी सगळं नंतर," असं खाली दोन रेघा मारून तुम्हीच लिहिलं होतंत ना? वाकलो. दोन्ही गुडघ्यांत. काकांनी माझ्या डोक्यावर हात ठेवून "यशस्वी भव" म्हटलं आणि दुसऱ्या हाताने लाल पाटी दाखवली. अहो, चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलली नाही त्यांच्या! लग्नाचं म्हणे पुढच्या वर्षीच्या शर्यतीनंतर बघू. मला तिथेच रडू फुटलं.

तुमचा,
(संस्कारांपायी बाद झालेला) पुष्कर

ता. क. – आता तुम्हीच निस्तरा. काकांना फोन करून कबूल करा की वाकायला तुम्ही सांगितलं होतं. गुडघेदुखी आमच्या घराण्यातच आहे वगैरे थापा नकोत, ते एक्स-रे मागतील.

ता. क. २ – पाकीट पुन्हा उघडलं. पहिली कोण आली ते लिहायचं राहिलंच होतं. ऋजुता. मी वाकलेला असताना ती शेजारून ताठ गुडघ्याने निघून गेली, बापाकडे ढुंकूनही न बघता. आज बक्षीस समारंभात काकांनी भरल्या डोळ्यांनी तिला विचारलं, कपाबरोबर आणखी काय हवं बेटा? माईकवरच म्हणाली, "बाबा, मला तो बाद झालेला मुलगा पाहिजे." काका हो म्हणाले. तेव्हा फोन राहू द्या, लग्नाला यायची तिकिटं काढा. आणि सल्ला तेवढा घरी ठेवून या.