धुवण म्हणजे पाणी नव्हे

२ मार्च १९५८
आज गावच्या बाग कमिटीची सभा. भाई अध्यक्ष. म्हणाले, चैत्रात विहीर तळाला जाते, एवढ्या मोठ्या बागेला पाणी वाहायला माणसं कुठून आणायची? बाग मोडून काजूबिया वाळवायला खळं करू. मी बायकांच्या बाजूने उठले. म्हटलं, मिरगाच्या पावसापर्यंत थांबा, बिनपाण्याची बाग करून दाखवते. वाचनालयातल्या पुस्तकात आहे, झाडांना तहान शिकवली की ती शिकतात.
भाई म्हणाले, "काकी, झाडां काय शाळेत जातत?" सगळे हसले. पण मुदत मिळाली.
खळं झालं तर कोपऱ्यातली सुरंगी आधी जाईल. ती ह्यांनी लावलेली. हे बागेचे माळी होते. सुरंगी लावली आणि त्याच वर्षी मार्गशीर्षात गेले. ही गोष्ट मी सभेत काढली नाही. त्याचा प्रयोगाशी संबंध नाही.

५ मार्च
लावणी. कण्हेर, सदाफुली, कोरफड, घायपात. मदतीला भिकाजी. तो ह्यांच्या हाताखाली होता. म्हणाला, शिमग्यात कोण झाडां लावता? मी पुस्तक दाखवलं. शेवटची पानं वाचायची राहिलीत, पण मूळ मुद्दा कळलाय.
भिकाजीने नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं, "देवा म्हाराजा, काकीच्या ह्या झाडांका पाणी लागा नये, असां कर रे म्हाराजा!" "व्हय म्हाराजा" म्हणायला मी एकटीच.
निश्चय : मिरगापर्यंत एक थेंब नाही.

११ मार्च
सदाफुलीने मान टाकली. शिकते आहे. मीही अशीच शिकले. ह्यांनी झाडांवर नावांच्या पाट्या लावल्या, त्यांची अक्षरं लावून लावून वाचायला लागले. 'बकुळ' वाचलं आणि समोर बकुळ होती. तेव्हापासून छापलेलं खोटं असेल असं वाटतच नाही.

१९ मार्च
कोरफड गेली. वाळून नाही, चोरीला. वाडीतल्या तुळसाने खोकल्याला नेली, बाकीच्यांनी केसांना. तुळसा वर म्हणते, "बागेतली म्हणजे सगळ्यांचीच मा गो!" म्हणजे कोरफड तहानेने मेली नाही. प्रयोग यशस्वी धरायला हरकत नाही.

२७ मार्च
सुरंगीची पानं आत वळलीत. घरची मोरी तुंबली होती, म्हणून तांदळाचं धुवण तिच्या बुंध्याशी ओतलं. धुवण म्हणजे पाणी नव्हे. पाणी असतं तर त्याला धुवण कशाला म्हटलं असतं? निश्चय कायम.

४ एप्रिल
मोरी अजून तुंबलेलीच. हल्ली दोन वेळा भात लावते, तांदूळ पाच पाण्यांनी धुते. तांदूळ स्वच्छ असलेला बरा. एकटीला भात संपत नाही, शेजारच्या हवाबीच्या कोंबड्यांना घालते. तिने कुंपणावरून विचारलं, "काकी, घराक पाव्हणे इलेत?" मी म्हटलं, भूक वाढली आहे. ती माझ्या हाडकुळ्या दंडांकडे बघत राहिली. धुवण सुरंगीला घालते ते तिने पाहिलं होतं; संध्याकाळी सुरंगीसाठी टोप भरून काही आणून दिलं. म्हणाली, "ह्यां पण धुवणच हां. पाणी न्हय."

१६ एप्रिल
कण्हेर वाळली. सदाफुली विश्रांती घेते आहे. घायपात मात्र ताठ! पाहायला आलेल्या भाईंच्या धोतरात तिचा काटा घुसला, धोतर टर्रकन फाटलं. भाईंनी उभ्या उभ्या सगळी घायपात उपटायला लावली. खरीखुरी बिनपाण्याची तीच एक होती.
रात्री पुस्तकाची शेवटची पानं वाचली. लावणी पावसाच्या तोंडावर करावी, पहिलं वर्ष पाणी द्यावं. हे दुसऱ्या मुलखासाठी असणार.

२ मे
सुरंगी हिरवीगार. भाईंना सांगून आले, बिनपाण्याची. कमिटी पुढच्या शनिवारी बघायला येणार. सुरंगी वाचली तर बाग वाचेल. बाकीच्या वाफ्यांकडे त्यांचं लक्ष जाऊ नये म्हणून सुरंगीच्या बाजूच्या फाटकाने आणायचं.

१० मे, सकाळ
सगळं झाडून ठेवलं. बुंधा कोरडा दिसावा म्हणून वर माती पसरली. ह्यांची 'सुरंगी' पाटी पुसली.

१० मे, दुपार
कमिटी आली, तेव्हा हवाबीच्या चार कोंबड्या सुरंगीखाली माती उकरून तांदूळ आणि कण्या टिपत होत्या.
भाई म्हणाले, "काकी, तुमचां झाड भात जेवता काय?"
मी म्हटलं, ते धुवण आहे, धुवण म्हणजे पाणी नव्हे. ह्यावर कुणीच हसलं नाही. भाईंनी टोपी काढून हातात घेतली. मग शुद्ध मराठीत म्हणाले, "वहिनी, तुम्ही आता घरी जा." आजवर काकी म्हणायचे. ह्यांच्या तिरडीशी उभे होते, तेव्हाच फक्त वहिनी म्हणाले होते.
खळं ठरलं. सुरंगी सोमवारी तोडणार.
निघताना भिकाजी वाळलेले वाफे बघत उभा होता. म्हणाला, "गाऱ्हाणां पावला, काकी. आता ह्येंका पाणी लागाचा नाय."

१० मे, संध्याकाळ
चूल पेटवली नाही. तांदूळ काढले आणि परत डब्यात ठेवले.
विहिरीवरून घागर भरली, तशीच सुरंगीला नेऊन घातली. पाणीच होतं.